‘माझे’ आणि ‘आमचे’ : घरगुती आठवणींचा ताबा आणि भारतीय आत्मपर लेखन

१. जिन्यावरची जखम

इ. स. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या मृत्यूची वार्ता जौनपूरला पोहोचली, तेव्हा बनारसीदास हा जैन व्यापाऱ्याचा तरुण मुलगा आपल्या घरातील जिन्यावर बसला होता. वार्ता कानी पडताच त्याला भोवळ आली, तो खाली कोसळला आणि डोके फुटून रक्त वाहू लागले. आईने कापड जाळून त्याची राख जखमेत भरली व मुलाला अंथरुणावर निजवले. त्याच वेळी बाहेर दुकाने बंद होत होती, सावकार दागदागिने जमिनीत पुरत होते आणि धनिक लोक मुद्दाम जाडीभरडी वस्त्रे नेसून फिरत होते. नवा बादशहा तख्तावर बसल्याचे पत्र आग्र्याहून येईपर्यंत सुमारे दहा दिवस ही घबराट टिकली.

हा प्रसंग बनारसीदासाने १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पूर्ण केलेल्या ‘अर्धकथानक’ या पद्यबद्ध आत्मचरित्रात सांगितला आहे. मोगल राजवटीच्या इतिहासकाराला त्यात सत्तांतराच्या वेळच्या एका व्यापारी शहराचे चित्र मिळते. परंतु बनारसीदासाच्या घरात ही आठवण ज्या स्वरूपात टिकली ते स्वरूप वेगळे आहे. त्या घरात बादशहाचा मृत्यू म्हणजे मुलाचे फुटलेले डोके आणि आईने भरलेली राख. सार्वजनिक घटना घरातील एका देहावर खूण ठेवून गेली, आणि त्या खुणेच्या आधारे ती पुढे सांगितली गेली.

घरगुती आठवणींचे कालमापन बहुधा असेच असते. बारसे, लग्न, बाळंतपण, दुष्काळ, साथीचे रोग, कर्ज आणि मृत्यू हे तिचे मैलाचे दगड. इतिहासलेखनाने अशा आठवणींकडे दीर्घ काळ दोनच दृष्टींनी पाहिले. तारखा जुळल्या तर साधन म्हणून त्यांचा स्वीकार केला. न जुळल्या तर रंजक परिशिष्टात त्यांची रवानगी केली. या दोन्ही दृष्टींत एक प्रश्न मागे पडतो. घरातील आठवण घराबाहेर, म्हणजे लिखित पानावर आणि तेथून छापखान्यात, कोणाच्या मागणीवरून, कोणाच्या हातून आणि कोणाच्या संमतीने गेली? प्रस्तुत निबंधात हा प्रश्न मुख्यतः मराठी आणि बंगाली आत्मपर लेखनाच्या आधारे तपासला आहे. त्यासाठी या पुस्तकांच्या नावांतील एका लहानशा शब्दाकडे, ‘माझे’ किंवा ‘आमचे’ या सर्वनामाकडे, विशेष लक्ष दिले आहे. सर्वनाम ही मालकीची निशाणी असते. आणि आठवणीवर मालकी कोणाची, हा घरातील सत्तेचा प्रश्न असतो.

२. मागणारा आणि सांगणारा

विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ मराठी वाचकाला प्रामुख्याने १८५७ च्या उठावाचे आणि विशेषतः झाशीच्या वेढ्याचे प्रत्यक्षदर्शी वर्णन म्हणून परिचित आहे. तथापि ग्रंथाची सुरुवात उठावाने होत नाही. ती घरच्या कर्जाने होते. कोकणातील वरसई गावचा हा भिक्षुक उत्तरेकडे निघाला तो बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे भरघोस दक्षिणा मिळेल आणि घरावरचे ऋण फिटेल या आशेने. काका बरोबर होते. वाटेत उठाव भडकला, लूट झाली, जिवावरचे प्रसंग आले. अखेर तो घरी परतला तेव्हा द्रव्यापेक्षा महत्त्वाची अशी एक गोष्ट त्याने जपून आणली होती : आईवडिलांसाठी कावडीतून वाहून आणलेले गंगाजल. कर्जाने सुरू होणारी आणि गंगाजलाने पूर्ण होणारी ही कथा मुळात एका मुलाच्या घरी परतण्याची कथा आहे. झाशी तिच्या वाटेवर आली.

असे वृत्तान्त घरी परतलेला माणूस ओटीवर, पंगतीत, पाहुण्यांसमोर पुन्हा पुन्हा सांगतो. गोडसे भटजींनी ही हकीकत कागदावर उतरवली ती प्रवासानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, आणि तीही चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून. ग्रंथ छापला गेला १९०७ मध्ये. वैद्यांनी त्याच्या भाषेवर संस्कार केले व काही भाग गाळला. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखाली १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचकांच्या हाती ‘माझा’ असे नाव असलेला पण दुसऱ्याच्या हाताने नीटनेटका केलेला प्रवास होता.

यात वैद्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी मागितले नसते तर बहुधा हा ग्रंथच निर्माण झाला नसता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की घरगुती आठवणीला छापील रूप येते तेव्हा सांगणाऱ्याइतकाच मागणारा महत्त्वाचा ठरतो. मागणाऱ्याला काहीतरी हवे असते. वैद्यांना इतिहास हवा होता. भटजींना घर सांगायचे होते. दोन आवृत्त्यांतील अंतर हे काही अंशी या दोन इच्छांमधील अंतर आहे.

गोडसे भटजी पुरुष होते, भिक्षुकीच्या निमित्ताने देश हिंडलेले होते. त्यांच्या आठवणीवर घरात कोणी हक्क सांगितला नाही. स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. तेथे आठवण मागणारा बहुधा नात्यातलाच असतो, आणि आठवणीत वावरणारी माणसेही त्याच घरातली असतात.

३. ‘आमार’ : स्वयंपाकघरातील पान

राससुंदरी देवी यांचे ‘आमार जीबन’ हे बंगाली भाषेतील आरंभीचे आत्मचरित्र म्हणून मानले जाते. पूर्व बंगालमधील पाबना जिल्ह्यातील पोताजिया गावी १८१० च्या आसपास त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी लग्न होऊन त्या फरीदपूर भागातील रामदिया येथील जमीनदार घरात आल्या. पुढे सासूची दृष्टी गेली आणि घराचा सगळा स्वयंपाक त्यांच्यावर पडला. त्यांना बारा मुले झाली. कामाच्या धबडग्यात दोन दिवस पोटात अन्नाचा कण गेला नाही आणि घरात कोणाच्या ते लक्षातही आले नाही, असा एक प्रसंग त्यांनी नोंदवला आहे. पतीचा उल्लेख त्या ‘कर्ता’ असा करतात. पतीचा घोडा अंगणात आला तरी त्याच्या समोर कसे जावे, या संकोचाने त्या आत दडून राहत. पुढे त्यांनीच या भीतीची थट्टा केली आहे.

या ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग अक्षरओळखीचा आहे. वयाच्या पंचविशीच्या सुमारास त्यांना वाचण्याची तीव्र ओढ लागली. एके दिवशी पतीने ‘चैतन्यभागवता’ची पोथी स्वयंपाकघराच्या परिसरात ठेवली. राससुंदरींनी तिच्यातील एक पान काढून घेतले आणि मुलाने अक्षरे गिरवलेले एक ताडपत्रही मिळवले. दोन्ही स्वयंपाकघरात लपवून, रांधता रांधता, एकातील अक्षर दुसऱ्यातील अक्षराशी जुळवत त्या वाचायला शिकल्या. लहानपणी माहेरच्या अंगणातील शाळेत मुलांचे घोकणे कानी पडले होते, त्या स्मृतीचाही आधार होता.

वाचन त्यांनी चोरून मिळवले. लेखन मात्र मागणीवरून आले. परगावी असलेल्या किशोरीलाल या मुलाने, आपल्या पत्रांना आई उत्तर का देत नाही असे विचारले आणि लेखनसाहित्य हाती दिले. त्यानंतर त्या लिहायला शिकल्या. १८६८ च्या सुमारास वैधव्य आले. आत्मचरित्राचा पहिला भाग १८७६ मध्ये प्रसिद्ध झाल्याचे सामान्यतः मानले जाते. वाढवलेली आवृत्ती १८९७ मध्ये, त्या सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या असताना निघाली. पुढे ज्योतिरिंद्रनाथ ठाकूर आणि दिनेशचंद्र सेन यांच्यासारख्या मान्यवरांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिल्या.

‘आमार’ म्हणजे ‘माझे’. ज्या स्त्रीला आपल्या भुकेचाही उच्चार घरात करता आला नाही तिने ग्रंथाला दिलेले हे सर्वनाम सहज आलेले नाही. ते ‘कर्त्या’च्या हयातीत उच्चारले गेले नाही, हेही विसरता येत नाही. शिवाय तिच्या आयुष्यावरील अंतिम मालकी ती स्वतःकडे घेत नाही, ईश्वराकडे सोपवते. ग्रंथातील प्रत्येक प्रकरणाची सुरुवात स्तुतिपर पद्याने होते. घर आणि ईश्वर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ‘माझे’ हा शब्द उभा आहे. त्याचा मोठेपणा त्या जागेच्या चिंचोळेपणात आहे.

४. ‘आमच्या’ : दोघांचे आयुष्य, एकीची लेखणी

‘आमार जीबन’नंतर काही दशकांनी, १९१० मध्ये, रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. रमाबाईंचा विवाह १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी झाला, न्या. महादेव गोविंद रानडे त्या वेळी बत्तिशीच्या उंबरठ्यावर होते. राससुंदरींना जे चोरून मिळवावे लागले ते रमाबाईंना पतीच्या आज्ञेने मिळाले. पती स्वतः शिकवत होते, पुढे इंग्रजीचीही तयारी करून घेत होते. वरवर पाहता दोन प्रसंग परस्परविरुद्ध आहेत.

परंतु रमाबाईंच्या आठवणीत शिक्षणाची किंमत कोठे मोजली गेली हे पाहिले, तर दोन्ही ग्रंथ एकाच जागी येऊन मिळतात. ती जागा म्हणजे घराचा आतला भाग. दिवाणखान्यात जे सुधारणेचे कार्य होते ते माजघरात उद्धटपणा ठरत होते. विधवा नणंद आणि इतर वडीलधाऱ्या स्त्रिया यांची टोचून बोलणी, अबोला, कामात पाडलेला फरक, पंगतीतील वेगळेपणा यांचे बारीक तपशील रमाबाई देतात. १८९० च्या पंचहौद चहा-प्रकरणाचा वादही त्यांच्या पुस्तकात वृत्तपत्रीय वादाच्या स्वरूपात येत नाही. धर्मकृत्यांना ब्राह्मण मिळणे, नातलगांचे येणेजाणे अशा घरगुती अडचणींच्या रूपाने येतो. सुधारकांच्या चरित्रांतून न दिसणारा सुधारणेचा हा खर्च आहे, आणि तो एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीकडून सोसलेला आहे.

येथे एक मौन लक्षात घ्यावे लागते. नणंदेची बाजू मराठी वाङ्मयात नाही. अकाली वैधव्य आलेली, भावाच्या घरी राहणारी आणि भावाच्या पत्नीच्या हाती पाटी पाहणारी ती स्त्री रमाबाईंच्या आठवणीत अडथळा म्हणूनच येते. तिच्या आठवणी कोणी मागितल्या नाहीत. छळ करणाऱ्या व्यक्तीचे दुःख हे छळ सोसणाऱ्याच्या आठवणीत फारच थोडे मावते. घरगुती आठवण साधन म्हणून वापरताना अभ्यासकाने ही मर्यादा ध्यानी ठेवली पाहिजे. अर्थात रमाबाईंच्या कथनातील प्रामाणिकपणा त्याने उणावत नाही.

आता शीर्षकाकडे वळता येते. पुस्तकाचे नाव ‘माझ्या आयुष्यातील’ असे नाही. ‘आमच्या’ या अनेकवचनात पती आणि पत्नी दोघे आहेत. पण या ‘आमच्या’चा शेवट कोठे होतो हे महत्त्वाचे आहे. १९०१ मध्ये न्या. रानडे यांचे निधन झाले आणि पुस्तक तेथे थांबते. पुस्तक प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षी, १९०९ मध्ये, पुण्याच्या सेवासदनाचे काम सुरू झाले होते, आणि रमाबाई त्या कामाच्या केंद्रस्थानी होत्या. १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे सार्वजनिक कार्य चालू राहिले. या स्वतंत्र आयुष्याच्या आठवणींचे असे पुस्तक त्यांनी लिहिले नाही. ‘आमचे’ म्हणून जे सांगता येत होते तेवढे सांगितले गेले. केवळ ‘माझे’ असे जे होते ते अलिखित राहिले. पतीच्या चरित्राचे निमित्त हे लेखनाची परवानगी होते आणि लेखनाची कुंपणरेषाही होते.

५. चरित्रासाठी मागितलेली आठवण

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाची जन्मकथा या दृष्टीने उद्बोधक आहे. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे १९१९ मध्ये निधन झाले. त्यांचे चरित्र लिहिण्याचा संकल्प मुलगा देवदत्त यांनी केला आणि त्यासाठी आईकडे आठवणी मागितल्या. आईने लिहायला घेतले, आणि चरित्राची साधनसामग्री म्हणून सुरू झालेले लेखन तिचे स्वतःचे आत्मचरित्र झाले. ‘संजीवनी’ या नियतकालिकातून ते क्रमशः येत गेले. पुस्तकरूपाने चार भाग १९३४ ते १९३७ या काळात निघाले. चौथा भाग प्रसिद्ध झाला तेव्हा लक्ष्मीबाई हयात नव्हत्या.

मागणी वडिलांच्या चरित्राची होती. उत्तर आईच्या आयुष्याचे आले. हे कसे घडले याचे उत्तर लक्ष्मीबाईंच्या कथनपद्धतीत आहे. त्या सुरुवातच टिळकांपासून करत नाहीत. आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून करतात, आणि त्या वेडाचे मूळ १८५७ च्या धामधुमीत कुटुंबातील एका वडीलधाऱ्या पुरुषाला झालेल्या फाशीपर्यंत नेतात. उठावाचा परिणाम येथे धुऊन धुऊन झिजलेल्या घरातील वस्तूंवर दिसतो. गोडसे भटजींच्या घरी १८५७ ची आठवण गंगाजलाच्या कावडीबरोबर आली. लक्ष्मीबाईंच्या माहेरी ती सोवळ्याच्या रूपाने ठाण मांडून बसली. एकाच घटनेच्या या दोन घरगुती स्मृती शेजारी ठेवल्या तरच त्या घटनेची समाजातील खरी खोली कळू लागते.

१८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्मांतराचा इतिहास एरवी तत्त्वचर्चेच्या भाषेत लिहिला गेला आहे. लक्ष्मीबाई तो नवऱ्याने सोडून दिलेल्या, माहेरच्या नातलगांच्या आधाराने दिवस काढणाऱ्या, कडेवर मूल असलेल्या स्त्रीच्या जागेवरून सांगतात. पुढे सुमारे पाच वर्षांनी त्यांनी स्वतःही तो धर्म स्वीकारला. टिळकांवरील प्रेम, राग आणि हसू त्या एकाच वाक्यात ठेवू शकतात, आणि हे सामर्थ्य चरित्रकाराच्या आवाक्यातले नव्हे. ग्रंथाच्या नावात सर्वनामच नाही. ‘माझी’ म्हणण्याचा आग्रह नाही आणि ‘आमची’ म्हणण्याचा आडोसाही नाही.

कर्वे कुटुंबाचे उदाहरण या संदर्भात आणखी एक बाजू दाखवते. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. १८९३ मध्ये त्यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये निघाले. त्याच्या संपादनात सून कावेरी कर्वे यांचा हात होता. आनंदीबाईंच्या भगिनी आणि हिंगण्याच्या संस्थेच्या कार्यकर्त्या पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. एकाच कुटुंबाच्या परिघातून आलेल्या या तीन पुस्तकांची नावेच बोलकी आहेत. पुरुषाने ‘वृत्त’ हा संस्कृतप्रचुर, तटस्थ शब्द घेतला. एका बहिणीने ‘कहाणी’ घेतला; हा व्रतवैकल्यांच्या दिवशी बायकांनी बायकांना सांगायच्या कथांचा शब्द. दुसरीने ‘पुराण’ घेतला; त्यात धर्मग्रंथाची प्रतिष्ठा आहे आणि मराठी बोलण्यातील लांबण लावण्याची थट्टाही आहे. लेखनाचा अधिकार नसलेल्या स्त्रीला सांगण्याचा अधिकार मात्र परंपरेने दिला होता. ‘कहाणी’ आणि ‘पुराण’ हे शब्द त्या सांगण्याच्या अधिकारावर लेखन उभे करतात. ‘माझी’ आणि ‘माझे’ ही सर्वनामे या आधारामुळेच कोणाला खटकली नाहीत, असे म्हणता येईल. आनंदीबाईंनी ‘माझे’ म्हटले ते पतीच्या हयातीत, हेही राससुंदरी, रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्याहून वेगळे आहे. त्या तिघींची लेखणी वैधव्यानंतरच चालली होती.

६. ‘आमुचं’ : लपवलेले कागद

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ही आले. मराठी समीक्षेने या पुस्तकांची नोंद दलित स्वकथनांच्या दालनात केली. ते योग्यच होते. पण त्यामुळे एक गोष्ट घडली. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ आणि ‘जिणं आमुचं’ ही दोन पुस्तके एकाच टेबलावर फारशी आली नाहीत. एक स्त्री-आत्मचरित्राच्या किंवा सुधारणेच्या इतिहासात गेले, दुसरे दलित साहित्याच्या. दोन्हींच्या नावात तेच सर्वनाम आहे, एक ग्रांथिक रूपात आणि दुसरे बोलीचा ठसा असलेल्या रूपात. या साम्याकडे त्यामुळे पुरेसे लक्ष गेले नाही.

बेबी कांबळे यांचा जन्म १९२९ मध्ये झाला; आयुष्य फलटणला गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने घडलेल्या पिढीतील त्या होत्या. लहानशा दुकानात माल बांधायला आलेले रद्दीचे कागद वाचत त्यांनी वाचन जिवंत ठेवले आणि तेथेच बसून त्या लिहू लागल्या. लिहिलेले त्यांनी पती आणि घरातील इतर पुरुषांच्या नजरेपासून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. फलटणला राहून शिक्षणकार्य करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांच्या पाहण्यात हे लेखन आले आणि त्यांच्या आग्रहाने ते प्रकाशात आले.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोथीचे पान लपवणारी स्त्री आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेले कागद लपवणारी स्त्री यांच्यात वर्ग, जात, प्रांत आणि भाषा यांचे मोठे अंतर आहे. राससुंदरी जमीनदाराच्या घरातील गृहिणी होत्या. भरल्या घरात त्या उपाशी राहिल्या. बेबी कांबळे ज्या महारवाड्याचे चित्र काढतात तेथे भूक ही एका स्त्रीची चुकामूक नाही, वस्तीची नित्याची अवस्था आहे. पहाटेच्या अंधारात उठवली जाणारी, भाकऱ्या थापताना हात पोळणारी कोवळ्या वयाची सून त्यांच्या पुस्तकात येते. तिच्यावर हुकूम चालवणारी सासूही येते. मात्र तेथे सासूच्या क्रौर्यामागची वंचनाही सांगितली जाते. जिला जगात कोठेही अधिकार नाही तिला चुलीपुढे तेवढा अधिकार मिळतो, हे लेखिका जाणते. रमाबाईंच्या पुस्तकात नणंदेला जी जागा मिळाली नाही ती ‘जिणं आमुचं’मध्ये सासूला काही प्रमाणात मिळते. ‘आमचे’ हे सर्वनाम येथे दाम्पत्यापुरते नाही. छळणारी आणि छळ सोसणारी दोघीही त्यात आहेत.

तरीही या ‘आमुचं’लाही कुंपण आहे. ‘जिणं आमुचं’मध्ये लेखिकेच्या स्वतःच्या संसाराविषयी फार थोडे येते. माया पंडित यांनी केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासोबतच्या मुलाखतीत बेबी कांबळे यांनी पतीचा संशयी स्वभाव आणि आपल्याला झालेली मारहाण यांविषयी सांगितले. पुस्तकात हे का आले नाही, या प्रश्नावरील त्यांच्या उत्तराचा आशय असा, की समाजाचे दुःख सांगणे हे स्वतःचे दुःख सांगण्यापेक्षा महत्त्वाचे होते, आणि असे हाल एकट्या त्यांचेच नव्हते.

हे उत्तर दोन प्रकारे वाचले गेले आहे. एका वाचनात ते निःस्वार्थ सामूहिक जाणिवेचे लक्षण ठरते. दुसऱ्या वाचनात घरातील पुरुषसत्तेपुढे राखलेले मौन. वस्तुतः दोन्ही खरे आहे आणि एकमेकांत गुंतलेले आहे. जे कागद पतीपासून लपवायचे होते त्यांत पतीविषयी लिहिणे धोक्याचे होते. आणि जो समाज बाहेरून आधीच हिणवला जात होता त्याच्या घरातील हिंसा छापून बाहेर नेणे हाही धोकाच होता. ‘आमुचं’ हे सर्वनाम लेखिकेने अभिमानाने निवडले. त्याच सर्वनामाखाली तिने ‘माझे’ झाकून ठेवले. दोन दशकांनंतर, अनुवादिकेच्या प्रश्नाला उत्तर देताना, ते बाहेर आले. येथेही मागणारी व्यक्ती लागली, आणि ती दुसऱ्या भाषेच्या वाटेने आली.

७. समारोप

या विवेचनातून घरगुती आठवणींच्या वाचनासाठी तीन प्रश्न हाती लागतात. पहिला, आठवण कोणी मागितली? वैद्य, किशोरीलाल, देवदत्त टिळक, बर्नसन यांची भूमिका निमित्तमात्र मानून सोडून देता येत नाही. मागणीचा आकार कथनाच्या आकारात उतरतो, किंवा लक्ष्मीबाईंप्रमाणे कथन मागणीचा आकार मोडून पुढे जाते. दुसरा, लिहिताना घरातील कोण हयात होते? तीन लेखिकांनी पतीच्या पश्चात लिहिले, एकीने लपवून लिहिले, एकीने ‘पुराण’ या थट्टेच्या शब्दाआडून लिहिले. तिसरा, सर्वनामाने कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले? ‘आमच्या’मध्ये नणंद नव्हती, ‘आमुचं’मध्ये सासू होती, पण लेखिका स्वतः अर्धीच होती.

तौलनिक साहित्याभ्यासात मराठी आणि बंगाली आत्मचरित्रांची तुलना बहुधा प्रबोधन, स्त्रीशिक्षण, व्यक्तिवादाचा उदय अशा मोठ्या संकल्पनांच्या आधारे केली जाते. त्या संकल्पना उपयुक्त आहेत. पण त्यांच्यामुळे ही पुस्तके एका सरळ रेषेत मांडली जातात : आधी ‘आम्ही’, मग ‘मी’, आधी कुटुंब, मग व्यक्ती. प्रत्यक्षात क्रम असा नाही. ‘आमार’ १८७६ मध्ये येते, ‘आमच्या’ १९१० मध्ये, ‘माझी’ आणि ‘माझे’ १९२८ व १९४४ मध्ये, आणि १९८६ मध्ये ‘आमुचं’ व ‘माज्या’ एकाच वर्षी. ‘माझे’ हे प्रगतीचे पुढचे पाऊल आणि ‘आमचे’ हे मागासलेपण, असे समीकरण या पुस्तकांवर लादता येत नाही. प्रत्येक सर्वनाम हे त्या त्या घरात काय बोलता येते याविषयी झालेल्या तडजोडीचे फलित आहे.

‘अर्धकथानक’ या नावाचा अर्थ ‘अर्धी कथा’. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून, पंचावन्नाव्या वर्षी ती अर्धी झाली असा बनारसीदासाचा हिशेब होता. त्याला नऊ मुले झाली आणि एकही जगले नाही, हे त्याने त्याच ग्रंथात नोंदवले आहे. त्या मुलांच्या आयांनी ही नऊ मरणे कशी आठवणीत ठेवली असतील, ते ग्रंथात नाही. रमाबाईंची नणंद, बेबी कांबळे यांच्या पुस्तकातील नाव नसलेल्या सुना, बनारसीदासाच्या बायका : घरगुती आठवणींचा इतिहास लिहिणाऱ्याला उपलब्ध ग्रंथांच्या बरोबरीने या न मागितलेल्या आठवणींच्या जागाही दाखवाव्या लागतील. लिहिलेली कथा अशा जागांमुळे अर्धी आहे, एवढी नोंद तरी इतिहासाने ठेवली पाहिजे.